जन्माचा सोबती : सिकलसेल

(द्वितीय वर्ष, कला)

आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो, असे जुनी माणसे सांगतात. त्यात एक दिलासा आहे. सावकाश का होईना, पण आजार जातो. ताप उतरतो, मोडलेले हाड सांधते आणि माणूस पुन्हा आपल्या कामाला लागतो. परंतु काही आजार असे असतात, की ते मुंगीच्या पावलांनीही परत जात नाहीत. मधुमेह, दमा, अपस्मार, संधिवात ही त्यांपैकी आपल्या परिचयाची नावे. असा आजार पाहुणा म्हणून येत नाही. तो घरातलाच एक होऊन राहतो.

मग ज्याच्या वाट्याला असा आजार आला, त्याने काय करावे? आधी बरे होऊ, मग शिकू, मग काम करू, मग हसू-खेळू, असे म्हणत बसले तर ते ‘मग’ कधीच उजाडत नाही. माझे म्हणणे असे, की आजार बरा होणे आणि आयुष्य बरे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट आज आपल्या हाती नसली, तरी दुसरी बऱ्याच अंशी हाती असते. मात्र त्यासाठी आजाराची नीट ओळख करून घ्यावी लागते आणि घरच्या माणसांनाही साथ द्यावी लागते.

हे म्हणणे मी सिकलसेल या आजाराच्या आधारे मांडणार आहे. पूर्व विदर्भातील धानपट्ट्यातून आणि जंगलपट्ट्यातून आपल्या महाविद्यालयात येणाऱ्या पुष्कळ विद्यार्थ्यांना हा आजार घरातून किंवा शेजारातून ठाऊक असेल. शिवाय तो माझ्याही घरी आहे. माझ्या थोरल्या भावाला तो जन्मापासून आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा जे वाचले, दवाखान्यात विचारून घेतले आणि घरात पाहिले, ते चार लोकांपर्यंत पोचवणे हे मला माझे काम वाटते.

रक्तातला विळा

‘सिकल’ म्हणजे विळा आणि ‘सेल’ म्हणजे पेशी. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल, मऊ आणि मधोमध किंचित दबलेल्या असतात. त्यांच्यातील हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य फुप्फुसांतून प्राणवायू घेते आणि अंगभर पोचवते. पेशी लवचीक असल्यामुळे अगदी बारीक रक्तवाहिनीतूनही ती अंग चोरून निघून जाते. सिकलसेलच्या रुग्णात या हिमोग्लोबिनची घडण थोडी वेगळी असते. प्राणवायू सोडून दिल्यावर त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब दोर तयार होतात आणि त्यांच्या ताणाने गोल पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. ओढ्याच्या अरुंद जागी काटक्या अडकाव्यात आणि मागचे पाणी तुंबावे, तशा या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात आणि रक्त तुंबते. पुढच्या भागाला प्राणवायू मिळेनासा होतो आणि तेथे असह्य वेदना सुरू होतात. हाडे, सांधे, पाठ, छाती, पोट, कोठेही हे घडू शकते. डॉक्टर याला ‘क्रायसिस’ म्हणतात. आमच्या घरी ‘दुखणे उठले’ म्हणतात.

दुसरी अडचण रक्त कमी असण्याची. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. शरीराने नव्या पेशी करण्याची कितीही घाई केली तरी तूट पुरती भरून निघत नाही. म्हणून रुग्ण लवकर थकतो. फुटलेल्या पेशींतील द्रव्यामुळे त्याचे डोळे पिवळसर दिसतात. त्यालाच लोक साधी कावीळ समजतात आणि मुलाला कावीळ उतरवायला घेऊन जातात. दादाच्या लहानपणी आमच्याकडेही झाडपाला झाला, गंडेदोरे झाले, आणि एका जाणत्याच्या सांगण्यावरून घरातली गायही गेली. आजाराचे खरे नाव कळले तेव्हा दादा सात वर्षांचा होता.

एवढ्या मोठ्या आजाराचे मूळ मात्र फार लहान आहे. हिमोग्लोबिनच्या रेणूत प्रथिनांच्या चार साखळ्या असतात. त्यांपैकी ‘बीटा’ नावाची साखळी १४६ अमिनो आम्लांची असते. तिच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, एवढाच काय तो फरक. १४६ मण्यांच्या माळेत एक मणी बदलला, असे म्हणता येईल. हा हिमोग्लोबिनच्या रेणूचा दोष आहे, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवले. बदललेला मणी नेमका कोणता, हे पुढे १९५० नंतरच्या दशकात व्हर्नन इंग्रॅम यांनी शोधून काढले.

पहिला नोंदलेला रुग्ण

वैद्यकाच्या ग्रंथांत ज्याची पहिली नोंद झाली तो सिकलसेलचा रुग्ण एक विद्यार्थीच होता, हे वाचून मला विशेष वाटले. त्याचे नाव वॉल्टर क्लेमेंट नोएल. वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून तो १९०४ साली दंतवैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेतील शिकागो शहरात आला. त्याच वर्षाच्या अखेरीस, ऐन थंडीत, तो आजारी पडून रुग्णालयात दाखल झाला. तेथील तरुण डॉक्टर अर्नेस्ट आयर्न्स यांना त्याच्या रक्तात लांबट, विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या. त्यांचे वरिष्ठ डॉ. जेम्स हेरिक यांनी पुढे १९१० साली ही हकीकत प्रसिद्ध केली आणि हा आजार जगाला माहीत झाला.

परंतु हेरिकचा लेख जेथे थांबतो, तेथे नोएलचे आयुष्य थांबले नाही. शिक्षणाच्या काळात तो वारंवार आजारी पडला, वारंवार दवाखान्यात राहिला, आणि तरीही १९०७ साली पदवी घेऊन बाहेर पडला. मग तो आपल्या बेटावर परतला, सेंट जॉर्जेस या गावी दवाखाना थाटला आणि लोकांचे दात तपासू लागला. १९१६ साली न्यूमोनियाने त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. त्या काळी पेनिसिलीन नव्हते, आजारावर औषध नव्हते; आपल्याला नेमके काय झाले आहे हे सांगणाराही कोणी नव्हता. अशा स्थितीत त्याने पदवी मिळवली आणि सुमारे नऊ वर्षे व्यवसाय केला. ३२ वर्षे हे अल्प आयुष्य खरेच. पण ते निव्वळ दुखणाइताचे आयुष्य होते असे कोण म्हणेल? आणि त्या मानाने आज आपल्या हाती कितीतरी अधिक साधने आहेत.

हा आजार आमच्याकडेच का?

हा प्रश्न आमच्या आईने एका परिचारिकेला विचारला होता. त्यामागे भीती होती, की आपल्याच हातून काही घडले असावे. गावात तर करणी, पूर्वजन्मीचे पाप, आईचा पायगुण अशी सर्व कारणे सांगून झाली होती. खरे कारण हिवतापाशी निगडित आहे.

आपल्याला प्रत्येक जनुक दोन ठिकाणांहून मिळते, एक आईकडून व एक वडिलांकडून. सिकलसेलचे जनुक दोघांपैकी एकाकडूनच आले तर ते मूल ‘वाहक’ होते. दवाखान्याच्या भाषेत त्याला ‘एएस’ म्हणतात. वाहक आजारी नसतो. उलट, घातक प्रकारच्या हिवतापापासून त्याचे बऱ्याच प्रमाणात संरक्षण होते, असे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखवून दिले. जेथे जंगल, पाणी आणि डास, तेथे हिवतापाने मुले दगावत. त्यांत वाहक मुले अधिक संख्येने वाचली आणि त्यांनी ते जनुक पुढच्या पिढीला दिले. म्हणून आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा काठ आणि भारतातील हिवतापाचे प्रदेश येथे हे जनुक टिकून राहिले. भारतात त्याची नोंद १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींमध्ये झाली. आज मध्य भारतात महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा व गुजरात या राज्यांत, आदिवासींमध्ये आणि इतरही समाजांत तो आढळतो.

याचा अर्थ असा, की ज्या जनुकामुळे दादाला वेदना होतात, त्याच जनुकाने आमच्या कोणा पणजोबाला हिवतापातून वाचवले असेल. हे समजल्यावर आईच्या मनावरचे ओझे पुष्कळ उतरले. आजारात शरीराची वेदना असतेच. तिच्यावर दोषाची वेदना कोणी लादू नये. शिवाय मूल रुग्ण होते ते दोन्हीकडून जनुक आले म्हणून. तेव्हा एकट्या आईला बोल लावणे हे शास्त्रालाही धरून नाही.

दुखण्याची वही

दादाचे शिक्षण दहावीपर्यंत झाले. शेतीकाम त्याला झेपेना. आमच्याकडे आषाढात धानाची रोवणी असते. दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकून उभे राहावयाचे, वरून पाऊस, खाली गार पाणी. दरवर्षी रोवणीनंतर त्याचे दुखणे उठे आणि घरात म्हणत, की याच्या नशिबातच आहे. पुढे दवाखान्यातील एका समुपदेशक बाईंनी त्याला एक गोष्ट सुचवली. दुखणे उठेल तेव्हा आदल्या दोन दिवसांत काय काय झाले ते वहीत लिहून ठेव, असे त्यांनी सांगितले. त्याने जुनी शाळेची वही घेतली आणि लिहू लागला.

वर्षभरात त्या वहीतून जे निघाले ते कोणत्याही पुस्तकाशी ताडून पाहता येईल. पावसात भिजल्यावर दुखणे उठले होते. थंडीत पहाटे गार पाण्याने अंघोळ केल्यावर उठले होते. लग्नाच्या वऱ्हाडात उन्हाने गेल्यावर आणि दिवसभर पाणी न मिळाल्यावर उठले होते. ताप आल्यावर तर हमखास. दोन वेळा घरात पैशावरून मोठे भांडण झाल्यावरही उठले होते. याचे शास्त्र असे, की थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. अंगातले पाणी कमी झाले की पेशी अधिक सहज वाकड्या होतात. तापाने व अति श्रमाने प्राणवायूची गरज वाढते. आणि मनावरचा ताणही शरीराला जाणवतोच. म्हणजे सारेच काही नशिबात नव्हते. बरेचसे रोवणीच्या गार पाण्यात आणि रिकाम्या तांब्यात होते.

वही पाहून दादाने आपला दिवस आखला. सकाळी उठल्याबरोबर दोन पेले पाणी, आणि नंतर तहान लागो वा न लागो, दिवसभर घोट घोट. पाण्याची बाटली सोडून घराबाहेर पाऊल टाकावयाचे नाही. कोमट पाण्याने अंघोळ, थंडीत मफलर आणि मोजे, पावसाळ्यात छत्री. गावातली मुले प्रथम हसली, मग त्यांना सवय झाली. रोवणीला जाणे त्याने कायमचे सोडले आणि तालुक्याच्या गावी राहून शिवणकाम शिकून आला. आज आमच्या घराच्या ओट्यावर त्याचे दुकान आहे. पायाने मशीन चालवून मांड्या भरून येत, म्हणून पहिल्या कमाईतून त्याने मशीनला मोटार बसवली. गिऱ्हाईकाला तो नेहमी दोन दिवस पुढची तारीख देतो, कारण मध्ये दुखणे उठले तर ते दोन दिवस हाताशी असतात. दुखणे उठले नाही तर कपडा वेळेआधी मिळतो आणि गिऱ्हाईक खूष होते. जूनमध्ये शाळेचे गणवेश आणि पोळ्याच्या आधी नवे कपडे या दोन हंगामांत त्याला मान वर करायला फुरसत नसते.

वहीतल्या नोंदी आजही थांबलेल्या नाहीत. गेल्या वर्षी त्याला दोनदा दवाखान्यात भरती व्हावे लागले. परंतु उरलेल्या दिवसांत तो कारागीर असतो, भजनात टाळ वाजवतो, आणि माझ्या महाविद्यालयाच्या फीचा निम्मा भाग त्याच्या शिलाईच्या पैशातून भरला जातो. ज्याला पोसावे लागेल म्हणून सारे घर चिंतेत होते, त्याच्या आधारावर आज मी शिकत आहे.

औषध आणि सावधगिरी

आहार-विहाराची शिस्त कितीही पाळली तरी औषधाची जागा ती घेऊ शकत नाही. नव्या तांबड्या पेशी तयार करण्यासाठी फॉलिक ॲसिडची गोळी रोज लागते. लोहाची गोळी मात्र मनाने घेऊ नये. रक्त कमी म्हटले की लोह, असे आपण धरून चालतो. परंतु या आजारात फुटलेल्या पेशींतील लोह शरीरातच राहते आणि वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णात ते साठून अपायही होऊ शकतो. लोहाची खरीच कमतरता आहे का, हे तपासूनच डॉक्टर ते देतात.

सर्वांत महत्त्वाचे औषध म्हणजे हायड्रॉक्सियुरिया. आईच्या पोटात असताना बाळाच्या रक्तात वेगळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन असते आणि ते पेशींना विळा होऊ देत नाही. म्हणूनच सिकलसेलचे बाळ पहिले काही महिने ठणठणीत दिसते. हे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा वाढवण्याचे काम हायड्रॉक्सियुरिया करते. अमेरिकेत प्रौढ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाला. गोळी न घेणाऱ्या गटात वर्षाला साधारणपणे ४.५ वेळा दुखणे उठत होते, तर गोळी घेणाऱ्यांत २.५ वेळा. ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि ठरावीक मुदतीने रक्त तपासत घ्यावी लागते. मूल हवे असेल किंवा गर्भ राहिला असेल, तर तसे डॉक्टरांना आधी सांगावे लागते. बरे वाटले म्हणून ती मध्येच सोडून चालत नाही. बरे वाटते ते गोळीमुळेच, ही गोष्ट रुग्ण सहज विसरतात.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी आहेत. या आजारात पाणथरी, म्हणजे प्लीहा, लवकर निकामी होते आणि त्यामुळे जंतूंशी लढण्याची शक्ती घटते. पाच वर्षांच्या आतील मुलांना रोज पेनिसिलीन दिल्यास घातक संसर्ग पुष्कळ कमी होतात, हे १९८६ सालच्या अभ्यासाने सिद्ध झाले. त्याचबरोबर न्यूमोनियाच्या जंतूंविरुद्धची लस द्यावयाची असते. दुसरी गोष्ट अशी, की कधी कधी पाणथरीत एकाएकी रक्त साठते, पोट फुगते आणि मूल पांढरेफटक पडते. अशा वेळी एक तासही दवडता कामा नये.

घरी कोणते दुखणे सोसावे आणि कोणत्या दुखण्याला तडक दवाखाना गाठावा, हे घरातील प्रत्येकाला पाठ असावयास हवे. साध्या दुखण्यात विश्रांती, भरपूर पाणी, कोमट शेक आणि डॉक्टरांनी सांगितलेली वेदनेची गोळी पुरते. बर्फ लावू नये. दुखणे मारण्यासाठी मोहाची दारू पाजणारे महाभाग असतात. दारूने अंगातले पाणी कमी होते आणि दुखणे वाढते. मात्र १०१ अंशांवर ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे किंवा घरच्या उपायांनी न थांबणारी वेदना यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी निघावे.

आजार मुळापासून घालवण्याचे प्रयत्नही चालू आहेत. योग्य दाता मिळाल्यास अस्थिमज्जेचे रोपण करतात. २०२३ च्या अखेरीस जनुकात दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला प्रथम इंग्लंडमध्ये आणि लगेच अमेरिकेत मान्यता मिळाली. हे ऐकून आनंद होतो. परंतु त्याचा खर्च कोट्यवधी रुपयांचा आहे. तो उपचार आमच्या गावापर्यंत पोचेल तेव्हा पोचेल. आजचा दिवस त्याची वाट पाहण्यात घालवू नये.

भोवतालच्या माणसांनी काय करावे

सिकलसेलची वेदना बाहेरून दिसत नाही. सूज नसते, जखम नसते, पट्टी नसते. त्यामुळे ‘काल तर चांगला हसत होता, आज काय झाले?’ असे विचारले जाते. रुग्णाला वेदनेइतकेच हे विचारणे दुखते. कालचे हसणे खरे होते आणि आजचे दुखणेही खरे आहे, एवढे ज्याला कळले तो त्याचा खरा मित्र.

दादा प्राथमिक शाळेत असताना वारंवार पाणी प्यायला आणि लघवीला जाऊ मागतो म्हणून एका गुरुजींनी त्याला वर्गाबाहेर उभे केले होते. या आजारात मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवता येत नाही, त्यामुळे लघवी जास्त होते आणि पाणीही जास्त लागते, हे त्यांना ठाऊक नसावे. आज प्रत्येक शिक्षकाला ते ठाऊक असावयास हवे. वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू देणे, हिवाळ्यात सकाळी प्रार्थनेला गारठ्यात उभे न करणे, खेळू देणे पण दम लागल्यावर बसू देणे आणि बुडालेला अभ्यास भरून घ्यायला मदत करणे, यांतल्या कशालाही पैसा लागत नाही.

याउलट टोकाची माणसेही असतात. ती रुग्णाला काहीच करू देत नाहीत. ‘तू बस, तुला होणार नाही’ असे दहा वेळा ऐकले की माणसाला खरोखरच होईनासे होते. आमची आई पूर्वी दादाला पाण्याची घागरही उचलू देत नसे. आता ती म्हणते, झेपेल तेवढे कर आणि थकलास की सांग. या दोन वाक्यांत काळजी आहे आणि विश्वासही आहे.

कायद्यानेही काही हक्क दिले आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले असून त्यांत सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळाल्यास नियमांप्रमाणे सवलतींसाठी अर्ज करता येतो. सिकलसेलच्या रुग्णांना एस.टी.च्या प्रवासातही सवलत आहे. त्या मागताना लाज वाटण्याचे कारण नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे आणि २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे.

लग्नाआधीची तपासणी

आई व वडील दोघेही वाहक असतील तर काय होते, ते नाण्याच्या उदाहरणाने समजते. दोघांनी एकेक नाणे उडवले असे समजा. छाप म्हणजे साधे जनुक, काटा म्हणजे सिकलसेलचे जनुक. दोन्ही नाण्यांवर काटा येण्याची शक्यता चारांत एक. तसे झाले तर मूल रुग्ण, म्हणजे ‘एसएस’. एका नाण्यावर छाप व दुसऱ्यावर काटा येण्याची शक्यता चारांत दोन. ते मूल वाहक. दोन्ही छाप आले तर मूल पूर्ण निरोगी. नाण्याला मागची आठवण नसते. पहिले मूल रुग्ण झाले म्हणजे पुढची तीन सुटली, असे होत नाही. प्रत्येक गर्भारपणात तीच शक्यता पुन्हा असते. मात्र जोडीदारांपैकी एकजण ‘एए’, म्हणजे पूर्ण साध्या जनुकांचा असेल, तर सिकलसेलचे एकही मूल रुग्ण होत नाही. दुसरा स्वतः रुग्ण असला तरीही मुले वाहकच होतात.

लग्नाआधी छत्तीस गुण जुळवण्याची रीत आपल्याकडे आहे. त्याच्या आधी हा एक गुण पाहावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातून थेंबभर रक्त घेऊन सोल्युबिलिटी चाचणी होते. ती सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा तत्सम तपासणीने वाहक की रुग्ण ते ठरते.

पण तपासणीच्या मार्गात भीती आडवी येते, आणि ती मुलींच्या बाबतीत अधिक. मुलगी ‘एएस’ निघाली की तिच्यात खोट आहे असे बोलले जाते. मुलाची तपासणी करा म्हटले तर ‘मुलाला काय झाले आहे?’ असे उत्तर मिळते. एकाच्या कागदावरून काहीच ठरत नाही, दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावरच ठरते, हे कोणी लक्षात घेत नाही. मग मुलींचे आईबाप कागद ट्रंकेच्या तळाशी लपवतात, आणि पुढच्या पिढीत आणखी एक बाळ रात्रभर रडत राहते.

मी स्वतः ‘एएस’ आहे. हे महाविद्यालयाच्या अंकात छापून यावे असे मी विचारपूर्वक ठरवले आहे. आईला प्रथम ते पटले नाही. तिला माझ्या लग्नाची काळजी वाटते. मी तिला म्हटले, की जे घर हे वाचून मागे फिरेल ते आधीच फिरलेले बरे, आणि जे घर हे वाचून आपल्या मुलाची तपासणी करून घेईल तेथे मी सुखाने नांदेन. दादाच्या लग्नात हेच झाले. पहिल्याच बैठकीत त्याने आपला आजार सांगितला. दोन घरे उठून गेली. तिसऱ्या घरच्या मुलीने स्वतः तपासणी करून घेतली, ती ‘एए’ निघाली, आणि मागच्या वैशाखात ती आमची वहिनी झाली. लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात दादाचे दुखणे उठले तेव्हा ती घाबरली खरी, पण फसवले गेल्याची भावना तिच्या मनात आली नाही. आता गुंड्या आणि काजी तीच करते, आणि वहीतल्या नोंदीही तिच्याच अक्षरात असतात.

शेवटी एवढेच

सुखी आयुष्य म्हणजे वेदना नसलेले आयुष्य, अशी व्याख्या केली तर सिकलसेलचा रुग्ण त्यात कधीच बसणार नाही. परंतु त्या व्याख्येत आपल्यापैकी तरी किती जण बसतील? करायला काम आहे, कोणाच्या उपयोगी पडता येते, दुखले तर विश्वास ठेवणारी माणसे जवळ आहेत आणि उद्याची थोडीफार आखणी करता येते, एवढे असले तर माणूस सुखी आहे असे म्हणावयास हरकत नाही. सिकलसेलच्या रुग्णाला हे सर्व मिळू शकते. त्यासाठी त्याने पाणी, ऊब, गोळी आणि विश्रांती यांत कसूर करू नये, आणि आपण त्याच्या वेदनेविषयी शंका घेऊ नये.

माझ्या मित्रमैत्रिणींना माझी विनंती आहे. आपल्यापैकी ज्यांनी अद्याप तपासणी केलेली नाही, त्यांनी या सुट्टीत आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात जाऊन ती करून घ्यावी आणि येताना घरातील धाकट्या भावंडांनाही बरोबर न्यावे. आलेला कागद लपवू नये. ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांनी उद्याच एक वही विकत आणावी. तिचे पहिले पान उघडले, की आजाराचा अभ्यास सुरू झाला असे समजावे.